बाबांच्या घोट्याइतकं पाणी

काठावर दोनशे बारा माणसं, धक्क्याला अकरा होड्या आणि नदीच्या मुखात, मधोमध, पाण्यावर उभे एक बाबा. मोजपट्टीनं दोनदा मोजलं. मोजपट्टी हे तिचं नाव गावानं ठेवलेलं. विज्ञानाची पदवी घेऊन आल्यापासून पोरगी दिसेल ते मोजत सुटली होती.

वादळानंतर मुखाशी अशा लाटा फुटत होत्या की एकोणीस दिवस एकही होडी बाहेर पडली नव्हती.

"सागरानं मला तळहातावर उचललंय!" बाबा गरजले. "आज भरतीला माझ्या पावलांवरून होड्या काढा. पाणी तुम्हाला फुलासारखं झेलेल!"

"बारा हात पाणी आहे तिथं," शेजारची काकू हात जोडून म्हणाली. "आहे का गं हे तुझ्या पुस्तकात?"

"बारा हात कधी मोजलंत, काकू?"

"मोजायचं काय त्यात? आमच्या सासऱ्यांपासून ठाऊक आहे."

मोजपट्टीला उभं राहवेना. बाबांना डोंगीतून तिथं उतरवण्याआधी त्यांच्या चेल्यानं पाण्यात तीनदा वल्हं खुपसून पाहिलं होतं. "वाईट शक्ती चाचपतोय," म्हणाला होता. वाईट शक्ती काय तळाशी बसते?

ती धक्क्याकडे धावली. तिचे दोघे भाऊ होडीत जाळी चढवत होते, वडील, अप्पा, इंजिन पुसत होते.

"अप्पा, बाबांना पाणी कुठवर आहे?"

"घोट्यापर्यंत. हाच तर चमत्कार!"

"आत्ता ओहोटी आहे. भरतीला किती चढतं?"

"तीन फूट. लहानपणापासून बघतेस की."

"म्हणजे तिथं साडेतीन होईल. आपली होडी किती बुडते?"

अप्पांचा हात थांबला. "साडेचार... पण पोरी, तिथं बारा हात—"

"वादळाआधी होतं!"

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. छोटी डोंगी वल्हवत बाबांपाशी गेली आणि धाडकन उडी मारली.

"अगं, बुडशील!" काकू किंचाळली.

पाणी घोट्यापर्यंत. मोजपट्टीनं पाय आपटून दाखवले. "बाबा, सागरानं मलाही उचललं! आणि मी तर आज आंघोळही केलेली नाही."

"माझ्या पुण्याईची सावली पडली तुझ्यावर!"

"मग डावीकडे दहा पावलं चला. मी येते सावलीसारखी मागून."

बाबा हलले नाहीत. काठावर कुणीतरी फस्सकन हसलं.

तिनं मूठभर वाळू वर धरली. "नदी ही घेऊन येते. समुद्राशी गाठ पडली की नदीचा जोर ओसरतो, वाळू खाली बसते. लाटा ती मागे रेटतात, किनाऱ्यानं वाहणारा प्रवाह बाजूला ओढतो. वादळानं आपली जुनी वाट बुजवून तिथं वाळूचा दांडा घातला. म्हणून तर त्याच्या पलीकडे लाटा फुटतायत! होडी इथं अडकली की लाट तिला आडवी पाडणार. बाबांना हवं तर नमस्कार करा, पण पोरं होडीत बसवण्याआधी तळ मोजा."

अप्पा दुसरी डोंगी घेऊन आले. त्यांनी तिला आत ओढलं. जुनी वाट बुजली, तरी नदीचं पाणी कुठूनतरी बाहेर पडतच असणार. डाव्या कड्याखाली लाटा फुटत नव्हत्या. तिथं त्यांनी शिसं बांधलेला दोर सोडला.

ऐन ओहोटीला अकरा फूट चार इंच.