मावशीकडे टाकलेला नंबर

अनोळखी नंबरावरून आलेला फोन मी कधी कापत नाही. ही सवय मला बायकोने लावली. ती गेली, तेही मला अनोळखी नंबरावरूनच कळलं.

हृदयाच्या दुखण्यामुळे ती दवाखान्यात होती, पण तब्येत सुधारत होती. त्या सकाळी तिनेच मला घरी पिटाळलं. अंघोळ करा, जरा दुकान उघडा, गिऱ्हाईक शिव्या घालत असेल, म्हणाली. माझं मोटारी भरायचं दुकान आहे. पंख्याची किंवा पंपाची मोटार जळाली की आतली जुनी तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे माझं काम. हातात तार होती तेवढ्यात फोन वाजला. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "सोडा हो, कर्जवाले असतील." मी उचलला. दवाखान्यातली नर्स होती. तिने माझं नाव विचारलं आणि मग म्हणाली, "काका, तुमच्याजवळ कोणी आहे का?"

तेवढ्यावरच मला कळलं. कारण हा प्रश्न कधी विचारतात, ते मला बायकोनेच सांगितलं होतं.

ती फोनवरून वस्तू विकायची. विमा, कार्डं, पाणी शुद्ध करायची यंत्रं, जे ऑफिसात येईल ते. वीसेक वर्षं तिने हेच काम केलं. एका लांबलचक खोलीत पत्र्याच्या आडोशाने केलेल्या खुराड्यांच्या रांगा, प्रत्येकात एक खुर्ची, एक संगणकाचा पडदा आणि कानाला लावायचं यंत्र. नंबर आपोआप लागायचा. कुणाला लागतोय ते पलीकडून आवाज आल्यावर कळायचं. आवाज बहुतेक वेळा चिडलेलाच असायचा, कारण माणूस एकतर जेवत असतो, नाहीतर झोपलेला, नाहीतर अंगाला साबण लावून उभा.

लोक तिला काय काय बोलायचे ते ती रात्री जेवताना सांगायची, पण शिव्या गाळून. शिव्या आल्या की ती फक्त "आणि मग ते रागावले" एवढंच म्हणायची. एक गृहस्थ फोनवर ओरडायला लागले की तुमच्यामुळे माझं दूध उतू गेलं. ती म्हणाली, "काका, आधी गॅस बंद करा, मी थांबते." ते गेले, गॅस बंद केला, परत आले आणि निमूटपणे विमा घेतला. आणखी एकदा पलीकडे विम्याचाच एजंट निघाला. दोघं बराच वेळ एकमेकांना विमा विकत बसले. कुणीच घेतला नाही. शेवटी त्याने विचारलं, "ताई, तुमच्याकडे नोकरी मिळेल का?"

ती हे सांगून हसायची आणि मी पण हसायचो. पण मला तिचा अभिमान होता. दिवसभर लोकांचं ऐकून घेऊन घरी आलेलं माणूस दारातून हसत आत येतं, ही साधी गोष्ट नाही. मी एका गिऱ्हाइकाशी भांडलो तर संध्याकाळभर तोंड पाडून बसतो.

बाकीच्यांना तिचं काम म्हणजे थट्टेचा विषय होता. सगळ्यात जास्त थट्टा तिचा थोरला भाऊ करायचा. त्याला मीही तिच्यासारखं दादाच म्हणतो. दादा बँकेतून निवृत्त झालेला, दुपारची झोप हा त्याचा धर्म. बहिणीवर त्याचा जीव होता, आजारपणात रोज डबा घेऊन यायचा, पण चारचौघांत ओळख करून देताना म्हणायचा, "ही आमची धाकटी. लोकांच्या झोपा मोडायचा पगार घेते." सगळे हसायचे. तीही हसायची. मी मात्र हसत नसे.

एक गोष्ट मात्र दादाला माहीत नव्हती. आमच्या मुलीलाही नव्हती. ती बायकोने फक्त मला सांगितली होती, आणि ती सांगताना ती हसली नव्हती.

नोकरी नवीन असताना तिने एक नंबर घेतला आणि ठरलेलं बोलायला सुरुवात केली. पलीकडचा माणूस म्हणाला की माझी बायको आज सकाळी गेली. हिने घाबरून फोन कापला. दुसऱ्या दिवशी तोच नंबर त्याच रांगेतल्या दुसऱ्या मुलीला लागला. तिसऱ्या दिवशी आणखी एकीला. यंत्राला काय कळतंय. प्रत्येक फोननंतर पडद्यावर एक बटण दाबायचं असे: घेतलं, नको, नंतर करा, नंबर चुकीचा. घरात माणूस गेलंय, असं बटणच नव्हतं. आणि "नको" दाबलं तरी नंबर फिरून परत येतो. फक्त चुकीचा नंबर तेवढा यादीतून कायमचा जातो.

तेव्हापासून हिने असं घर लागलं की "चुकीचा" दाबायला सुरुवात केली. पण ती लगेच फोन ठेवायची नाही. माफी मागायची, विचारायची की तुमच्याजवळ कोणी आहे का, आणि सांगायची की आमच्याकडून आता परत फोन येणार नाही. रांगेतल्या कोवळ्या मुली अशा फोनला घाबरायच्या. त्या हात वर करायच्या आणि फोन हिच्याकडे वळवायच्या. ऑफिसात हिला सगळ्या मावशी म्हणत. "मावशीकडे टाक" असं एकमेकींना सांगायच्या. पुढे त्या स्वतः बोलायला शिकल्या, पण शब्द तोच राहिला. घरात कोणी गेलं असलं की नंबर मावशीकडे टाकायचा.

साहेबाच्या लक्षात आलं की या रांगेत चुकीचे नंबर फार निघतात. त्याने हिला आत बोलावलं. हिने खरं ते सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तुम्ही खोटं बटण दाबता. ही म्हणाली, "साहेब, ज्या घरात रडणं चाललंय तिथे पाण्याचं यंत्र विकायला फोन लावणं, याला चुकीचा नंबर नाही तर काय म्हणायचं?" साहेबाने ते तसंच चालू दिलं. पुन्हा विचारलंही नाही.

नंतर ते ऑफिस बंद पडलं. मुली पांगल्या, कोणी या कंपनीत, कोणी त्या. ही घरी बसली. त्यामुळे ती गेल्यावर ऑफिसातलं भेटायला कोणी आलं नाही. येणार कुठून? तिथे आता फर्निचरचं दुकान आहे.

तिचा फोटो मोठा करायला टाकला तेव्हा चौकटवाल्याने विचारलं, खाली पितळेची पट्टी बसवतो, नावाखाली एक ओळ मावेल, काय लिहायचं? मी म्हटलं सांगतो. रविवारी दुपारी दादा आला, मुलगी होतीच, तिघं टेबलाशी बसलो. दादाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून कागद त्याच्या हातात. त्याने लिहिलं: प्रेमळ पत्नी, आई आणि बहीण.

मी म्हटलं, "तिच्या कामाचं काहीतरी पाहिजे."

"कामाचं?" दादाने चष्मा वर केला.

"वीस वर्षं काम केलं तिने. चौकटवाल्याने स्वतःच्या बापाच्या फोटोखाली 'कुशल सुतार' लिहिलंय."

"अहो, सुतार वेगळा. त्याने केलेली खुर्ची दिसते. हिच्याबद्दल काय लिहू, सांगा ना. लोकांच्या झोपा मोडल्या?" तो हे वाईट बुद्धीने बोलला नाही. सवयीने बोलला, आणि बोलल्यावर त्याचे त्यालाच डोळे भरून आले. मुलगी म्हणाली, "मामा, आता तरी नको ना." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण बाबा, खरंच काय लिहिणार?"

मला ती मावशीची गोष्ट सांगायची होती. पण मी सांगितली असती तर ती नवऱ्याने केलेली स्तुती झाली असती. गेलेल्या बायकोबद्दल नवरा चांगलंच बोलणार. दादाचा कागद तसाच जाणार, हे दिसत होतं.

तेवढ्यात फडताळावर ठेवलेला तिचा फोन वाजला.

तो फोन मी रोज चार्ज करत होतो. मुलीचं म्हणणं, नंबर बंद करून टाका, कशाला जिवाला त्रास. ती उठून कापायला निघाली तर दादा म्हणाला, थांब, मी बघतो. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून त्याने स्पीकर लावला. एका मुलीचा आवाज आला. मॅडमशी बोलायचं होतं, त्यांच्या पाण्याच्या यंत्राच्या देखभालीची मुदत संपत आली आहे.

दादाचा पारा चढला. "मॅडम नाहीत. मॅडम वारल्या. बोला, आता कुणाला विकता यंत्र?"

पलीकडे आवाज थांबला. ती शांतता मला ओळखीची होती. बायको म्हणायची, या जागी नवी मुलगी फोन कापते.

या मुलीने कापला नाही. "माफ करा, काका," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. तुमच्याजवळ कोणी आहे ना?"

दादा गोंधळला. एवढं तोफ डागल्यासारखं बोलल्यावर असं कोणी विचारेल, याची त्याची तयारी नव्हती. "आहेत," तो म्हणाला. "आहोत सगळे."

"बरं. हा नंबर मी मावशीकडे टाकते. आमच्याकडून परत फोन येणार नाही."

मी खुर्चीतून उठलो. दादा विचारत होता, "मावशीकडे म्हणजे? कोण मावशी?"

"तसं म्हणतात आमच्यात, काका. कोण ते मला पण माहीत नाही. मला जिने शिकवलं ती दुसऱ्या कंपनीतून आली होती, तिला तिथे कोणीतरी शिकवलं. घरात दुःख असेल तर नंबर मावशीकडे टाकायचा, म्हणजे मग कोणीच त्रास देत नाही."

मी टेबलाला वळसा घालून दादाच्या हातातून फोन घेतला. सांगायचं एवढंच होतं की बाळ, हे मावशीचंच घर आहे. पण मी फोन तोंडाशी नेईपर्यंत उशीर झाला. पलीकडे मागून कोणीतरी तिला पुढचा फोन घ्यायला सांगत होतं. "काळजी घ्या, काका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी लगेच उलटा फोन लावला. या नंबरावर फोन येऊ शकत नाही, असं एक बाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तेही मला माहीत होतं. तरी मी लावत राहिलो.

मग मी दोघांना सगळं सांगितलं. आता ती नवऱ्याची स्तुती राहिली नव्हती. जिने तिला कधी पाहिलं नाही अशा मुलीने, आमच्या टेबलावर, आमच्यासमोर, तिचे शब्द जसेच्या तसे बोलून दाखवले होते. मुलगी रडली. म्हणाली, "आईने मला कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, तिला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटायची नाही, काम वाटायचं.

दादाने कागद परत पुढे ओढला. मग त्याने लिहिलेली ओळ खोडली आणि खाली, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, नवी ओळ लिहिली: वीस वर्षं फोनवर काम केलं. आणि मला म्हणाला, "बघा, बरोबर आहे का?"

मी म्हटलं, बरोबर आहे.

"प्रेमळ घालू का पुढे?"

"नको. एवढंच."

चौकटवाल्याने पट्टी तशीच कोरून दिली. फोटो समोरच्या भिंतीवर आहे. घरी येणारा प्रत्येक जण नावाखालची ओळ वाचतो आणि विचारतो, फोनवर म्हणजे काय काम? मग मी सांगतो. गिऱ्हाइकांनाही सांगतो. सायकलवाल्याने तर तीनदा ऐकलंय. तो म्हणतो, काका, चौथ्यांदा सांगितलंत तर ऐकायचे पैसे घेईन.

दादाचा मात्र कायापालट झाला आहे. परवा दुपारी त्याचा मला फोन आला. म्हणाला, "आज एक कर्जवाला आला फोनवर. ऐन झोपेत. मी ओरडलो नाही. म्हटलं, बाळा, मला कर्ज नको, पण तू जेवलास का?"

"मग?"

"त्यानेच घाबरून फोन ठेवला."

मुलीने नंबर बंद करायचा विषय परत काढला नाही. मी तो फोन अजून रोज चार्ज करतो. कर्जवाले येतात, प्लॉटवाले येतात, कानाची यंत्रं विकणारे येतात. मी प्रत्येकाचं ऐकून घेतो आणि मग विचारतो, तुमच्यात नंबर मावशीकडे टाकतात का? काही जण हो म्हणतात. एकाने तर विचारलं, काका, तुम्हाला कसं माहीत? त्याला मी सगळं सांगितलं, तो कामाच्या वेळेत शेवटपर्यंत ऐकत राहिला.

पण पाण्याच्या यंत्रवाल्या कंपनीचा फोन आता येत नाही. येणारही नाही. त्या मुलीने तिचं काम चोख केलं आहे, बायकोने शिकवलं होतं तसंच. तिला मावशी कोण ते सांगायचं राहिलं आहे.