पोटाच्या पुस्तकातले शेरे

"हे घ्या तुमचं पोटाचं पुस्तक!" म्हणत आजीबाईंनी पुस्तक वाचनालयाच्या टेबलावर आपटलं. "सुनेला वाचायला म्हणून नेलं, तर ती आता जिना उतरायलाही घाबरते. आम्ही काय पुस्तकं वाचून बाळंत झालो?"

मागे रांगेत एक तरुण शिक्षिका उभी होती. तिला राहवलं नाही. "असं कसं म्हणता आजी? मला तर या पुस्तकानं तारलं. डॉक्टरांना विचारायची लाज वाटायची, ते सगळं यात सापडलं."

"तुला सापडलं, पण माझ्या सुनेची झोप हरवली त्याचं काय?" आजीबाई टेबलाकडे वळल्या. "रबरबाई, तूच सांग. पुस्तक चांगलं की वाईट?"

टेबलामागच्या बाईनं ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि पानं चाळायला घेतली. "काहींना आवडतं," ती म्हणाली, "काहींना नाही आवडत."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. वाचनालयातल्या कुठल्याही पुस्तकाबद्दल विचारा, रबरबाईचं उत्तर हेच. कादंबरी असो, पाककृती असोत, नाहीतर मोठ्या माणसाचं चरित्र असो. ती काही मठ्ठ नव्हती. वाचायचीही भरपूर. पण माहेरी सहा भावंडांत मधली, सासरी धाकटी, तिचं मत मागायची वेळ कुणावर आलीच नव्हती, आणि मग ती सवयच मोडली. न वापरलेली सायकल गंजते तसं झालं होतं.

रबरबाई हे नाव मात्र कामावरून पडलं होतं. भिंतीवर पाटी होती, 'पुस्तकांवर खुणा करू नयेत, शेरे लिहू नयेत.' ही पाटी वाचून एकही वाचक सुधारल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यामुळे परत आलेलं प्रत्येक पुस्तक उघडायचं, समासातले पेन्सिलीचे शेरे खोडायचे, चुरा फुंकायचा आणि मगच ते मांडणीवर ठेवायचं, हे तिचं काम. गरोदरपणाच्या त्या मार्गदर्शक पुस्तकाइतके शेरे दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात पडत नसत; एकीनं नेलं की परत येण्याआधी ते चार घरं फिरून यायचं. त्याचं खरं नाव भारदस्त होतं. सगळे त्याला पोटाचं पुस्तकच म्हणत.

पुस्तकात 'रोज मोकळ्या हवेत चालावे' असं वाक्य होतं. शेजारी एकीनं लिहिलं होतं, 'लेखकाला म्हणावं, आधी तू हे पोट बांधून चाल.' त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, 'लेखक नाही, लेखिका आहे. पहिलं पान बघा.' त्याच्याखाली पुन्हा पहिलीच, 'मग तर कमालच झाली.' 'पतीने घरकामात हातभार लावावा' या ओळीखाली तर तीन वेगवेगळ्या पेन्सिलींच्या रेघा होत्या आणि बाजूला लिहिलेलं होतं, 'हे पान उघडं ठेवून झोपते. अजून उपयोग नाही.'

रबरबाई हे सगळं वर्षानुवर्षं खोडत आली होती. हसत खोडायची. स्वतःसाठी ते पुस्तक तिनं कधी घरी नेलं नव्हतं. दोनदा दिवस राहिले होते, आणि पुस्तक नेण्याची वेळ येण्याआधीच दोन्ही वेळा सगळं संपलं होतं. नंतर बरीच वर्षं काहीच नाही. चाळिशी जवळ आली तशी लोकांनी विचारणंही सोडलं, आणि मग एकाएकी तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेही नीट टिकले.

पाचवा महिना पूर्ण झाल्यावर तिनं पोटाचं पुस्तक स्वतःच्या नावावर काढलं. ग्रंथपालसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "अखेर सभासद झालात म्हणायचं!" म्हातारा सहसा बोलत नसे. तेवढ्या वाक्यानं ती दिवसभर लाजत होती.

घरी नेण्याआधी शेरे खोडायला हवे होते. तिनं खोडले नाहीत. संध्याकाळी नवरा कामावरून यायच्या आधी ती खिडकीशी बसून वाचायची, आणि छापलेल्यापेक्षा पेन्सिलीतलं जास्त वाचायची. छापलेलं सगळं 'करावे' आणि 'टाळावे' असं होतं. पेन्सिलीत बायका बोलत होत्या. आई नव्हती, बहिणी लांब, शेजारीण नुसती दारातून हसणारी. अशा बाईला समासातल्या या अनोळखी बायकाच मैत्रिणी वाटू लागल्या यात तिचं फार चुकलं असं म्हणवत नाही.

सातव्या महिन्यात एकदा रक्ताचा बारीकसा डाग दिसला. पुस्तकात 'त्वरित रुग्णालयात जावे' असं होतं. ती नवऱ्याला घेऊन धावत सुटली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, हातातलं काम टाकून तसाच ग्रीसच्या हातांनी आला. काहीच निघालं नाही. ड्युटीवरचा डॉक्टर तिच्याहून लहान होता. तो हसून म्हणाला, "पुस्तकं जरा कमी वाचा हो बाई." बाहेर बसलेल्या दोघीही हसल्या. परतताना ती नवऱ्याला म्हणाली, "पुन्हा अशी धावत यायची नाही मी."

"अगं, हसले तर हसले. त्यांचं काय जातं?"

"माझं जातं ना."

बाळ तर नुसतं हुंदडायचं. त्याची एक गंमतच झाली होती. पुस्तक दिलं की मागच्या पानावर तारखेचा शिक्का मारायचा असतो. लाकडी मुठीचा, जड शिक्का. तो ठप्पकन पडला की पोटातून एक लाथ यायचीच. ठप्प, की लाथ. शनिवारच्या गर्दीत तर शिक्क्यामागून शिक्का, आणि आतून उत्तरामागून उत्तर. ग्रंथपालसाहेबांच्याही ते लक्षात आलं होतं. ती शिक्का मारताना दचकून हसली की ते म्हणायचे, "आपला सहायक हजर आहे वाटतं."

नववा महिना लागला होता. त्या शनिवारी दुपारी तिनं एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पुस्तकावर शिक्का मारला आणि हसण्यासाठी तोंड उघडलं. आतून काही आलं नाही. दुसरं पुस्तक. ठप्प. काही नाही. तिसऱ्याला तिनं मुद्दाम जोरात मारला.

"टेबल फोडता का काय?" ग्रंथपालसाहेब म्हणाले.

ती आत पाण्याच्या माठाजवळ गेली, गार पाणी प्यायली, डाव्या कुशीवर आडवं व्हायला तिथं जागा नव्हती म्हणून खुर्चीतच तिरकी बसली. मग पिशवीतून पुस्तक काढलं. पान तिला पाठ होतं. 'हालचाल कमी झाल्याचे जाणवल्यास वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.' आणि त्याच्या शेजारी, गोल, स्वच्छ, शाळेतल्या हुशार मुलीसारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'घाबरू नका ताई. माझंही शेवटी असंच झालं होतं. जागा कमी पडते म्हणून बाळ शांत होतं. मुलगी झाली. ठणठणीत आहे.'

तिनं ते दोन्ही पुन्हा पुन्हा वाचलं. एकीकडे छापलेलं वाक्य आणि रुग्णालयातला तो हसणारा डॉक्टर होता. दुसरीकडे 'ताई' म्हणणारी ही कुणीतरी. आयुष्यात पहिल्यांदा दोन मतांतून एक निवडायची पाळी तिच्यावर आली होती, आणि तिनं आपल्याला ताई म्हणणारं निवडलं. मग जिवाला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "काय म्हणतंय आपलं इंजिन?"

"झोपलंय."

"जायचं का दाखवायला? मी येतो निघून."

"काही नको. शेवटी शेवटी शांतच होतं ते. जागा कमी पडते ना."

"हे कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे," ती म्हणाली.

रविवारीही बाळ झोपलेलंच होतं. तिनं गोड खाल्लं, गाणी लावली, पोटावर थंड पेला टेकवला. एकदोनदा काहीतरी हललंसं वाटलं. वाटून घेतलं म्हणा. सोमवारी तपासणीची तारीख होतीच, तोवर कशाला हसं करून घ्यायचं?

सोमवारी तपासणारी मुलगी आधी बडबडत होती. मग तिनं यंत्राचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला आणि "मोठ्या डॉक्टरांना बोलावते हं" म्हणून बाहेर गेली. मोठ्या डॉक्टर बाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि तिचा हात हातात घेऊन त्यांनी सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. तरी त्यांना विचारावं लागलंच.

"हालचाल कधीपासून नव्हती?"

"शनिवारपासून."

"मग आलात का नाही हो? आधी आला असतात तर..." बाईंनी वाक्य तोडलं.

"पुस्तकात लिहिलं होतं, शांत होतं म्हणून."

"असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मुलगा होता. नाकीडोळी नीटस, डोक्यावर दाट केस. नवऱ्यानं त्याला एकदाच हातात घेतलं. त्या दिवशी त्यानं हात इतके घासून धुतले होते की नखांतही ग्रीस नव्हतं. नंतर त्यानं तिला एका शब्दानं दोष दिला नाही. "झोपलंय म्हणाली होतीस," एवढं एकदा जेवताना म्हणाला आणि लगेच पाणी आणायला उठला. रविवारची कामंही तो घेऊ लागला. घरात दोघं असली की भांडं पडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

ती कामावर परतली तेव्हा पोटाचं पुस्तक ग्रंथपालसाहेबांच्या खणात होतं. नवऱ्यानं आणून दिलेलं. त्यांनी ते मांडणीवर ठेवलं नव्हतं.

"बाद करून टाकू का हे?" त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"पुस्तकाचं काय चुकलंय?"

मग तिनं खोडरबर घेतलं आणि पहिल्या पानापासून बसली. चालायला सांगणाऱ्या लेखिकेवरचा विनोद खोडला. नवऱ्याच्या हातभाराखालच्या रेघा खोडल्या. एकेक बाई पुसली जात होती आणि तिला काही वाटत नव्हतं. गोल अक्षरापाशी मात्र हात थांबला. राग यावा म्हणून तिनं फार वाट पाहिली. राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. तिनं तेही खोडलं आणि चुरा फुंकला.

लोक पुस्तक नेत राहिले. कुणी म्हणालं अप्रतिम, कुणी म्हणालं भिववतं नुसतं. तिचं उत्तर ठरलेलंच होतं.

अशीच एक बाई एका दुपारी आली. कडेवर चुणचुणीत पोर, आणि स्वतः पुन्हा गरोदर. दमली होती बिचारी. पोरीला तिनं सरळ टेबलाच्या कडेवर बसवलं.

"ताई, ते पोटाचं पुस्तक आहे का हो अजून? हिच्या वेळी नेलं होतं."

रबरबाईनं पुस्तक आणून दिलं. बाईनं मधलं एक पान झरझर शोधून काढलं. "अगंबाई! पुसलं वाटतं कुणी?"

"काय?"

"मी लिहिलं होतं इथं. लिहू नये, माहीत आहे मला. पण काय सांगू ताई, हे पान वाचून माझी नुसती गाळण उडाली होती. घरात बोलायला कुणी नाही. मग ही झाली, धडधाकट. म्हटलं, माझ्यासारखीच कुणीतरी एकटी बसून वाचत असेल, तिला जरा धीर मिळेल." ती ओशाळून हसली. "मिळाला असेल का हो कुणाला?"

पलीकडे ग्रंथपालसाहेब उभे राहिले. रबरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती पोरीकडे पाहत होती. पोरीचे केस दाट होते.

"मिळाला," ती म्हणाली. "एकीला मिळाला."

"बघा! मला वाटलंच होतं." बाईचा चेहरा उजळला. टेबलावरची पेन्सिल तिनं उचललीसुद्धा. "मग परत लिहून ठेवू का? तुम्ही रागावणार नसाल तर."

रबरबाईनं पानावर हात ठेवला.

"नको. आणि ऐका, या वेळी असं काही वाटलं तर इथं छापलंय तेवढंच करायचं. त्याच दिवशी जायचं. कुणी हसलं तरी जायचं."

"पण सगळ्या म्हणतात, शेवटी शांतच..."

"सगळ्यांचं सोडा. हे माझं मत आहे."

बाई जराशी चपापली. "बरं," ती म्हणाली, "जाईन."

रबरबाईनं मागचं पान उघडून तारखेचा शिक्का मारला. ठप्प झालं तशी पोरगी खिदळली आणि तिच्या टाचा टेबलाच्या लाकडावर धाडधाड आपटल्या.

"अगं, लाथा काय मारतेस!" आईनं तिचे पाय धरले. "ताई ओरडतील हं."

"सोडा," रबरबाई म्हणाली. "मारू दे तिला."

बाईनं पाय सोडले. रबरबाईनं पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं, एक कोरा कागद समोर ओढला, आणि त्याच्यावर पुन्हा शिक्का मारला.