कपाटात कोंडलेला ढोल

मित्रांनो, मी एक जुना सबवूफर आहे, ढोलासारखा खोल आवाज घुमवणारा स्पीकर. जुना कसला, डोंबल! वयाने जुना, वाजण्यात जवळजवळ कोराच. कैरोतल्या इम्बाबा वस्तीत, सोबहीच्या घरी, कितीतरी महिने कपाटात रजयांमध्ये कोंबलेला होतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा पडदा ताठ होता, हे खरं. दुकानदाराने सोबहीला बजावलं, नवा आहे, आधी हळू वाजवून मोकळा होऊ दे, घाई केलीस तर फाटेल. झालं! शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सोबहीने मला कपाटात घातलं, भोवती रजया, दाराला कुलूप, आणि आत नुसती बारीक घुमघुम. महिनोन् महिने! जीव गुदमरायचा. अहो, माझा ताठपणा पहिल्याच संध्याकाळी गेला होता. पण वाजवाल तेच मी बोलणार, स्वतःचं काय सांगू?

सोबहीचे वडील मितवल्ली जन्मभर वरातींत ढोल वाजवत आले. आता कान पार गेले होते. रोज चहाचा पेला घेऊन ते कपाटाला पाठ टेकून बसत. त्यांची पाठ मला फळीतून कळायची. मनात यायचं, कुणीतरी आवाज वाढवा रे.

"एकदा वाजव ना बाळा," ते म्हणत. "कान गेले तर गेले, ढोल छातीत लागू दे."

सोबही त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडे, "थोडं थांबा, बाबा. अजून मोकळा होतोय."

"मी तरी किती थांबू?" ते हसून विचारत.

सोबही वाईट नव्हता. वडिलांसाठीच तर त्याने मला घेतलं होतं, म्हणूनच इतका भीत होता.

एका सकाळी पाठ टेकलीच नाही. गल्लीत शोकाचा मांडव उभा राहिला, कुराणपठण झालं. मग चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत घरात गाणं नाही. माझी घुमघुमही बंद झाली. मी मोकळा झालोय हे वेळेत सांगता आलं नाही, म्हणून त्या अंधारात मला स्वतःचीच चीड आली.

चाळिसावा उरकल्यावर सोबहीने कुलूप काढलं. वडिलांच्या ढोलाची कॅसेट लावली आणि आवाज पूर्ण वाढवला. भांडी थरथरली. शेजारी दारात आले, ढोल ओळखून तिथेच ऐकत थांबले. सोबही माझ्याकडे टक लावून बघत होता. मी फाटावं, आपलंच खरं ठरावं, असं त्याला वाटत असावं. मला काहीच झालं नाही. तेव्हा तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण कोंडून जपू नका. घरात कुणी 'एकदा वाजव' म्हणालं, तर आजच वाजवा.