बरी झालेली आई

"आईला मारू नका हो, सिस्टर," इंग्रजीच्या क्लासचे सर म्हणाले. "दुःखाच्या गोष्टीत वाक्प्रचार खुलत नाहीत. तिला बरी करून टाका. तपासायला कोण येतंय?"

वर्ग हसला. सिस्टरही कसंनुसं हसली. परदेशातल्या इस्पितळात नोकरी हवी तर इंग्रजीची तोंडी परीक्षा पास व्हायलाच हवी, आणि तिने दोनदा गटांगळ्या खाल्ल्या होत्या. बोलणं पुस्तकी वाटतं, हाच शेरा. सरांची रीत ठरलेली होती. प्रत्येकाने एकच गोष्ट घोटायची, जोडीने येणारे शब्द आणि वाक्प्रचार तिच्यात आपसूक सुचल्यासारखे पेरायचे, आणि प्रश्न काहीही येवो, गाडी त्याच रुळावर आणायची.

तिची गोष्ट आईच्या आजारपणाची होती. आई खरं तर तिच्याच वॉर्डात वारली होती, ती शेजारच्या खाटेवरचं सलाईन बदलत असताना. आता बसमध्ये, भांडी घासताना, ड्यूटीचे कपडे चढवताना ती आईला बरी करू लागली. 'बॅक ऑन हर फीट', म्हणजे आजारातून उठून हिंडूफिरू लागली, असं म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळायची. मग अडखळेनाशी झाली, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक बाईंनी विचारलं, अलीकडे आनंद कशाने झाला? ती घडाघडा बोलली. बाई मान डोलवत ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी सहज विचारलं, "आता कशा आहेत त्या?"

हे काही घोटलेलं नव्हतं. खरं सांगून मोकळं व्हावं, असं तिला फार वाटलं. पण पुन्हा नापास होणं परवडणार नव्हतं.

"छान आहे," ती इंग्रजीतच म्हणाली. "घरी माझी वाट बघतेय."

निकालात बोलण्याला सगळ्यांत जास्त गुण पडले. सरांना आनंदाचं भरतं आलं. घरी वडील खुर्चीत बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते.

"कशावर बोललीस, बाळा?"

"आईवर."

"काय बोललीस?"

तिला थाप सुचेना. "ती बरी होऊन घरी आली, असं सांगितलं, बाबा. तिथे तसंच सांगावं लागतं."

ते रागावतील म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. वडिलांनी हातातली घडी बाजूला ठेवून हळूच विचारलं, "घरी आल्यावर ती काय म्हणाली गं?"