चोरखिसा

शेजाऱ्याचं डोकं पुन्हा खांद्यावर येऊन टेकलं, तरी शिंपीमास्तरांनी छातीवरचा उजवा हात काढला नाही. डाव्या कोपराने त्यांनी ते डोकं हळूच सरळ केलं. बसने वळण घेतलं आणि डोकं परत माहेरी आलं.

मास्तरांच्या हाताखाली बंडी होती, बंडीच्या आत चोरखिसा होता आणि खिशात त्यांच्या बायकोच्या दोन सोन्याच्या बांगड्या होत्या. लेकीच्या हातात त्या तुम्ही स्वतः घाला, दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नका, असं बायकोने शेवटच्या आजारपणात बजावलं होतं. लेक उद्या सकाळी नवऱ्याबरोबर परदेशी निघणार होती. तिच्या गावाला जाणारी आजची ही एकच बस.

चोरखिसे शिवणं हा मास्तरांचा धंदा. प्रवासाला निघालेला माणूस आधी त्यांच्याकडे यायचा आणि मग तिकीट काढायला जायचा. मास्तर स्वतः मात्र कधी गाव सोडून गेले नव्हते. धंद्यासाठी पाकीटमारांच्या एकेक गोष्टी रंगवून गिऱ्हाइकांना घाबरवता घाबरवता ते स्वतःच इतके घाबरले, की दुकानातून घरी जातानाही खिसा चाचपत.

आता ते खिडकीशी कोंडले गेले होते. खिडकीची काच सरकत नव्हती. मांडीवर पिशवी, बाहेरच्या बाजूला हे पेंगणारे चष्मेवाले गृहस्थ आणि त्यांच्यापलीकडे, येण्याजाण्याच्या वाटेत, पुढच्या बाकावरच्या मावशींची ट्रंक. घामाने बंडी अंगाला चिकटली होती, पण बटण सोडायची सोय नव्हती. चहाला बस थांबली तेव्हा सगळे उतरले. मास्तर बसून राहिले आणि आपल्याला तहान लागलेली नाही असं स्वतःला समजावत राहिले.

चष्मेवाल्यांचा कोट झोपेत उघडा पडला आणि मास्तरांची नजर अस्तरावर गेली. आत चोरखिसा होता. बारीक, किंचित तिरका टाका. जत्रेत हरवलेलं पोर आईने ओळखावं तसा त्यांनी तो ओळखला. केव्हातरी आपल्याच हातून शिवला गेलेला. पण कोपरा उसवला होता आणि आतल्या पुडक्याचं टोक बाहेर डोकावत होतं. आणखी दोन खड्डे, की ते खाली.

गृहस्थांना उठवावं, तर तुमच्या खिशाकडे बघत होतो हे सांगावं लागणार. मास्तर विचारच करत होते, पण त्यांच्या हातांना विचाराची सवय नव्हती. कॉलरखाली अडकवलेली सुई बाहेर आली, दोरा ओवला गेला, टाके पडले. शेवटी दोरा तोडायला, जन्मभर तोडला तसा दातांनी, मास्तर वाकले.

चष्मेवाले जागे झाले तेव्हा एक अनोळखी म्हातारा त्यांच्या छातीला चावत होता.

"काय करताय?"

"दोरा तोडतोय," मास्तर म्हणाले. तोंडात दोरा असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

गृहस्थांनी त्यांचं मनगट पकडलं. कंडक्टर ट्रंक ओलांडून आला.

"खिसा उसवला होता यांचा. टाका घातला मी."

"चोर आता शिवणकाम पण करायला लागले वाटतं," मावशी मागे वळून म्हणाल्या.

"अहो, हा खिसा मीच शिवलाय. माझा टाका मी ओळखतो."

चष्मेवाल्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे खिसा नेमका कुठे आहे, हे तुम्हाला माहीतच होतं."

बचाव मास्तरांनी इतका घट्ट शिवला होता, की त्यातून त्यांनाच बाहेर पडता येईना.

"तुमचं काही गेलंय का?" कंडक्टरने गृहस्थांना विचारलं.

"गेलं नाही. पण यांच्या शेजारी आता मला डोळा मिटता येणार नाही."

"दुसरी जागा नाही हो गाडीत." कंडक्टर मास्तरांकडे वळला. "काका, पुढे चौकी लागेल. तिथे उतरा, काय ते साहेबांना सांगा."

"मला आज पोचायलाच हवं. लेक सकाळी जाणार आहे."

"कुणाची ना कुणाची लेक रोजच जाते, काका."

मास्तरांनी पिशवीतून छोटी कात्री काढली. बंडीची बटणं सोडली आणि सगळ्या गाडीदेखत आपला चोरखिसा उसवला. बांगड्या बाहेर आल्या तेव्हा मावशीसुद्धा बाकावरून वाकून बघू लागल्या.

"हे तुमच्याकडे राहू द्या," ते चष्मेवाल्यांना म्हणाले. "मी चोर निघालो, तर हे तुमचं."

"अहो, मी कुठे ठेवू हे?"

"त्याच खिशात. चांगला खिसा आहे."

गृहस्थांनी कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टरने खांदे उडवले. मग त्याच्या देखरेखीखाली मास्तरांनी बांगड्या गृहस्थांच्या खिशात घातल्या आणि खिशाचं तोंड मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने शिवून टाकलं. एवढं मन लावून त्यांनी बऱ्याच दिवसांत काही शिवलं नव्हतं.

"सगळं खरं, पण ती कात्री गाडीत नको बाई," मावशी म्हणाल्या. पुढच्या नाक्यावर कंडक्टरने कात्री नेऊन खाली डिकीत टाकली. डिकी आता शेवटच्या थांब्यालाच उघडणार होती. मास्तर तिथेच उतरणार होते, तेव्हा त्यांची हरकत नव्हती.

गृहस्थ कुठे उतरणार, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

ते कळलं, तेव्हा गृहस्थ उठून उभे राहिले होते. कंडक्टरने कुठल्याशा गावाचं नाव पुकारलं होतं आणि वरची बॅग काढून, ट्रंक ओलांडून, ते दाराकडे निघालेही होते. मास्तर अर्धवट उठले. पिशवी मांडीवरून घसरली. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण ओरडायला शब्द एकच होता आणि तो या गाडीत मघाशीच त्यांच्या नावावर लागला होता. ते खाली बसले. रिकाम्या बंडीवर हात ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

दाराशी काहीतरी बोलणं झालं. काही माणसं उतरली. गाडी सुरू झाली.

बाक दबला. चष्मेवाल्यांनी बॅग मांडीवर घेतली आणि नवीन तिकीट वरच्या खिशात ठेवलं.

"तुमचं गाव मागे गेलं," मास्तर म्हणाले.

"गेलं. मघापासून नखाने उसवून बघतोय, तुमचा टाका काही निघत नाही."

"निघायचा नाही तो." मास्तरांचा आवाज ओशाळला होता, अगदी पूर्ण ओशाळला होता असं मात्र नाही.

"आणि कात्री मिळाली, तरी स्टँडवर एवढ्या लोकांत मी हे उघडणार नाही. सांगून ठेवतो." गृहस्थांनी कोट छातीशी ओढून घेतला. "लेकीच्या घरी असेल ना कात्री?"

मास्तरांनी खिडकीकडे सरकून त्यांना आणखी थोडी जागा करून दिली.

"शिंप्याची पोर आहे," ते म्हणाले. "असेल."