सिपोराबाईंच्या उशाचा दगड

मित्रांनो, मी भेडाघाटच्या बाजूच्या एका खाणीतून निघालेला पांढरा दगड आहे. वयाने जुना, अंगाने जड आणि तोंडाने मुका. जुनेपणाचे आणि जडपणाचे मला कधी वाईट वाटले नाही. मुकेपणाचे मात्र वाटते. का, ते ऐका.

खाणीतून मला जबलपूरच्या एका पाथरवटाकडे आणले. तिथे मी बरेच दिवस भिंतीला टेकून होतो. एके दिवशी एलिझा थळकर नावाचे रेल्वेतले गार्ड दुकानात आले. ते बेने इस्राएल होते, म्हणजे फार पूर्वी गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलेल्या आणि तिथेच रुजलेल्या यहुदी लोकांपैकी. घरात मराठी बोलायचे, शनिवारी चूल पेटवायची नाही, नवस फेडायचा तर गोड पोह्यांचा मलिदा करायचा, अशी त्यांची रीत. नोकरीने त्यांना जबलपूरला आणले होते आणि इथेच त्यांची बायको सिपोराबाई तापाने गेली होती.

"वर हिब्रूची एक ओळ असू द्या," ते पाथरवटाला म्हणाले. "बाकी सगळं मराठीत. तिला तेवढंच वाचता येत होतं."

पाथरवट हिंदी मुलखातला. 'थळकर' मधला 'ळ' त्याने जन्मात कोरला नव्हता. एलिझांनी कोळशाने तो माझ्यावर काढून दाखवला आणि पाथरवटाने त्यावरून छिन्नी फिरवली. दुखले, पण त्या दुखण्याने मला नाव मिळाले. त्याआधी मी नुसता दगड होतो.

छावणीकडच्या जुन्या कबरस्तानाच्या एका कोपऱ्यात यहुदी माणसांच्या काही कबरी होत्या. तिथे मला सिपोराबाईंच्या उशाशी उभे केले. त्यांची मुलगी हन्ना तेव्हा लहान होती. ती वडिलांबरोबर यायची, माझ्या अक्षरांवरून बोट फिरवत आईचे नाव वाचायची आणि त्यांच्या रीतीप्रमाणे माझ्या माथ्यावर एक खडा ठेवून जायची. उन्हात तिचे बोट गरम असायचे.

पुढे थळकर कुटुंब इस्राएलला निघून गेले. इतरही गेले. कोपऱ्यात गवत माजले, बकऱ्या चरू लागल्या. मला त्याचे काही वाटले नाही. दगडाला वाट पाहणे जमते. शिवाय मी माझ्या जागेवर होतो आणि माझ्या पायाशी सिपोराबाई होत्या.

मग पावसात कबरस्तानाची भिंत खचली आणि त्याच सुमारास शेजारचा रस्ता रुंद करायला घेतला. ठेकेदाराच्या माणसांना कोपरा मोकळा हवा होता. त्यांनी पहारी लावून आम्हाला उपटले आणि मलब्याबरोबर ट्रकमध्ये भरले. मी तोंडावर पडलो होतो. ट्रक कुठून वळला, कुठे गेला, काहीच दिसले नाही.

जबलपूरच्याच रांझी भागात अंबादास नावाचे कारखान्यातले कामगार तेव्हा घर बांधत होते. मूळचे अमरावतीकडचे. त्यांच्या गवंड्याने ट्रकने ओतलेल्या ढिगाऱ्यातून फरशा उचलल्या, त्यात मी आलो. अंबादास ड्युटीवर होते, त्यांची बायको राधाबाई तान्ह्या पियूषला घेऊन आत होती. गवंड्याने मला नळाजवळ पालथे घातले. "या खाचांत सिमेंट पक्का पकडेल," एवढेच तो म्हणाला. सिपोराबाईंचे नाव खाली गेले आणि माझी कोरी पाठ वर राहिली.

त्या पाठीवर राधाबाईंनी वर्षानुवर्षे धुणे धुतले. पियूषच्या दुपट्यांपासून त्याच्या नोकरीच्या शर्टापर्यंत सगळे. शेजारणींना त्या कौतुकाने सांगायच्या, "असा दगड पूर्ण मोहल्ल्यात नाही पाहा. साबण कमी लागते." मित्रांनो, बाई मायाळू होती. ती माझे कौतुक करायची तेव्हा मला लपावेसे वाटायचे, आणि मी तर आधीच लपलेला होतो.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी पियूषची टॅक्सी दाराशी थांबली. तो आता पर्यटकांना भेडाघाटला नेतो. गाडीतून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या, सोबत त्यांची नात.

"आई, या आजी इस्राएलहून आल्या," पियूष म्हणाला. "मराठी बोलतात. मला समजते, पण बराबर बोलता नाही येत. तू बोल ना जरा. सकाळपासून काही खाल्लं नाही त्यांनी."

"या ना आजी, आत या," राधाबाई म्हणाल्या.

"आधी थोडं पाणी द्या, बाई. कबरस्तानातून आले. हात धुतल्याशिवाय आम्ही घरात जात नाही."

"आमच्यातही तसंच आहे. या इकडे, नळापाशी."

त्या आल्या आणि माझ्यावर उभ्या राहिल्या. राधाबाई तांब्याने पाणी घालू लागल्या. आवाज थकलेला होता, पाय सुजलेले होते. मी ओळखले नाही. मग राधाबाईंनी नाव विचारले आणि त्या म्हणाल्या, "हन्ना. माहेरची थळकर."

नात त्यांना धरून बाकावर घेऊन गेली. उन्हात बसून त्या सांगू लागल्या. "हिला आमच्या जागा दाखवायच्या म्हणून आले. अलिबागजवळ नवगावला गेलो. आमचे पहिले लोक तिथं पुरलेत. तिथल्याच खंडाळा गावातला खडक पाहिला, एलियाहू नबीच्या रथाची खूण आहे म्हणतात त्यावर. इथं नर्मदेचे पांढरे कडे पाहिले, बाबा न्यायचे मला तिथं. शेकडो वर्षांच्या खुणा सापडल्या, राधाबाई. माझ्या आईची तेवढी नाही सापडली. सगळा कोपरा फिरलो. तिथं काहीच नाही."

"कशी होती आजी, खूण?"

"पांढरा दगड होता. तिचं नाव होतं त्यावर."

"अरे देवा," राधाबाई हळहळल्या. "कोणी नेला असेल? लोकांना काही वाटत नाही काय?"

मित्रांनो, त्या दोघींपासून मी हाताच्या अंतरावर होतो. माझ्या पाठीवर हन्नाच्या ओल्या पावलांचे ठसे अजून वाळले नव्हते आणि त्यांच्या खाली तिच्या आईचे नाव होते. तडकता आले असते तर मी त्या क्षणी तडकलो असतो. थंडीत, उन्हात कितीतरी दगड आपोआप तडकतात. मला ते जमले नाही.

त्या वरणभात जेवल्या. निघताना राधाबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता पुन्हा येणं होणार नाही." गाडी गेली. संध्याकाळी राधाबाईंनी माझ्यावर चादरी धुतल्या.

पुढच्या उन्हाळ्यात नळाजवळची नाली तुंबली. पियूषने फरशी खोदली आणि पहारीने मला उलटे केले. सिमेंटचा पापुद्रा सुटला. राधाबाई झाडू घेऊन आल्या आणि थांबल्या. मग जुन्या ब्रशने त्यांनी एकेक अक्षर मोकळे केले आणि मोठ्याने वाचले. सिपोराबाई एलिझा थळकर.

त्या तिथेच चिखलात बसल्या. "पियूष, इतके वर्ष मी यावर काय करून राहिले होते रे? त्यांना यावरच उभं केलं मी. आईच्या नावावर."

"तुला काय माहीत होतं, आई," पियूष म्हणाला. अंबादास बाजूला उभे होते.

पियूषने नातीच्या नंबरवर फोन लावून हन्नाबाईंना मला दाखवले. त्या अंथरुणात होत्या. पडद्यावर माझ्या अक्षरांवरून बोट फिरवू लागल्या. मग म्हणाल्या, "हेच. तुमचे उपकार आहेत, राधाबाई. एवढं करा, तिच्या उशाशी नेऊन ठेवा."

"ठेवतो," राधाबाई म्हणाल्या. फोन बंद झाल्यावर त्यांनी अंबादासांकडे पाहिले. "ठेवतो म्हटलं मी. पण कुठं?"

कबर कुठे होती, हे सांगणारी खूण मीच होतो. टॅक्सीत घालून ते मला घेऊन गेले. अंबादास आणि पियूष तो कोपरा पुन्हा पुन्हा फिरले. झाडे तोडलेली, माती उपसलेली, अर्धी जागा रस्त्याखाली. मीही ओळखण्याची धडपड केली. मलाही ओळखू आली नाही. शेवटी नव्या भिंतीजवळ खड्डा खणून त्यांनी मला उभे केले.

मित्रांनो, जुन्या जागा पाहायला जाल तेव्हा तिथले दगड जिथल्या तिथे राहू द्या. कुठे पडलेला आढळला तर उचलून नेण्याआधी त्याची दुसरी बाजू पाहा, आणि तो कुणाजवळचा आहे ते विचारा. माझ्यावरचे नाव घासून पुन्हा वाचता आले. जागा मात्र घासून परत मिळत नाही.

राधाबाई अधूनमधून येतात. माझ्यावरची धूळ पदराने पुसतात. मग हात जोडताना घुटमळतात. सिपोराबाई माझ्या पायाशी आहेत, की पलीकडे, गाड्यांच्या चाकांखाली, ते त्यांना कळत नाही. त्या एकदा इकडे वळतात, एकदा रस्त्याकडे वळतात आणि माझ्याकडे पाहतात. मला सांगता येत नाही.