सुभेदाराची शेवटची पोळी

बैलाच्या खुनाचा खटला मी आयुष्यात एकदाच चालवला, आणि चालवताना इतका हसलो की अंगात काळा कोट आहे याचीही लाज राहिली नाही. शेवटी त्याच कोटाच्या बाहीनं डोळे पुसावे लागले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको.

साल पंच्याहत्तर. मी मूळचा वाईचा, पण वाईत अशिलापेक्षा वकील जास्त, म्हणून सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात बस्तान मांडलं होतं. माझा अशील नाथाजी, कुंडलच्या पलीकडल्या एका वाडीतला, अंगानं दणकट आणि बोलण्यात महाकंजूष. फिर्याद अशी की बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, संध्याकाळी त्यानं आकारामतात्यांच्या बैलाला विष घातलं. बैलाचं नाव सुभेदार.

हे नाव तात्यांच्या मुलानं ठेवलेलं. धनाजी पलटणीत होता. सुट्टीवर आला असताना म्हसवडच्या बाजारातून त्यानं खिलार खोंड आणला आणि म्हणाला, "मी सुभेदार हुईन तवा हुईन, ह्याला आजच करून टाकतो." एकाहत्तरच्या लढाईतून धनाजी परत आला नाही. तार आली, मागून त्याच्या सामानाची पेटी आली. तेव्हापासून तात्या मन लावून बोलायचे ते फक्त सुभेदाराशी. बायकोशी, लीलाबाईंशी, बोलायचे तेही सुभेदाराच्या वैरणीपुरतं.

आता बेंदराला आमच्याकडे कर तोडतात. वेशीत पिंपळाच्या पानांची दोरी आडवी बांधतात, आणि जो बैल ती सगळ्यांच्या आधी तोडील त्याचा वर्षभर गावात मान. धनाजीचा खोंड वयात आल्यापासून हा मान सुभेदाराचा, आणि नाथाजीचा बैल कायम त्याच्या शेपटीमागं. तात्या आणि नाथाजी बांधाला बांध लागून असलेले शेजारी, पण या मानापायी दोघांत रामरामसुद्धा उरला नव्हता.

त्या वर्षीही मान सुभेदारालाच मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो पोट फुगून गेला. गुरांचे डॉक्टर पोचेपर्यंत गावानं हलगी लावून, गुलाल उधळून त्याला तात्यांच्या शेतात मूठमाती दिली होती. त्यामुळं पुराव्यात उरला वाडीतला एकटा जालिंदर. त्यानं दिवेलागणीला नाथाजीला तात्यांच्या गोठ्याकडे जाताना पाहिलं होतं, टॉवेलाखाली काहीतरी लपवून.

कोर्टासमोरच्या हॉटेलात बसून मी नाथाजीला विचारलं, "टॉवेलाखाली काय होतं?"

"काय न्हाई."

"काही नाही ते कुणी लपवून नेत नाही."

त्यानं बशीतला चहा भुरकून संपवला. मग म्हणाला, "पोळी हुती. पुरणाची. साळूनं दिली."

साळूबाई म्हणजे त्याची बायको. "म्हणली, धनाजी आपल्या दारात खेळून मोठा झालाय, त्येच्या बैलाला आपल्या घरचा घास नगं व्हय? मी म्हटलं, मी न्हाई जायाचा. तर तिनं मलाबी वाढलं न्हाई."

आपण वैऱ्याच्या बैलाला पोळी न्यायला निघालो होतो हे गावाला कळण्यापेक्षा हा गडी तुरुंगात जायला तयार होता. मला हसू आवरेना. पण पुढचं त्यानं सांगितलं आणि हसू जागच्या जागी थिजलं. तो गोठ्याच्या दारात पोचला तेव्हा आत तात्या परात मांडीवर घेऊन बसले होते. एकेक पोळी तुपात बुडवून सुभेदाराला भरवत होते आणि म्हणत होते, "खा रं धना, पोटभर खा. पलटणीत काय मिळतंय."

"मग तू काय केलंस?"

"माघारी फिरलो. पोळी वाटंत मीच खाल्ली."

बैल कशानं गेला हे मला कळलं, आणि त्याला ते आधीच कळलेलं होतं. मी म्हणालो, "हेच कोर्टात काढू. केस खलास."

"ते काढायचं न्हाई, वकीलसाहेब."

"मग आत जाशील."

"जातो की. पोरगं गेलं, बैल गेला. त्योबी त्येच्याच हातनं गेला, ह्ये आनी कशाला सांगायचं म्हाताऱ्याला? माझ्यावर राग धरून त्यो उठतोय, बसतोय. त्यो राग काढून घेतला तर त्येच्यापाशी ऱ्हातंय काय?"

अशिलाला सोडवणं हा माझा धर्म, आणि ज्या एका गोष्टीनं तो सुटणार तीच ओठावर आणायची नाही. असा अशील देव वैऱ्यालाही न देवो.

खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटसाहेब पुण्याचे, नवेच बदलून आलेले. मी जालिंदरला विचारलं, "त्या दिवशी सुभेदाराला तुम्ही काही चारलं?"

जालिंदरची छाती फुगली. "मानाचा बैल दारात आला, तसाच मोकळा लावून दिऊ व्हय? दोन पोळ्या चारल्या. तुपासकट."

त्याच्यामागून वाडीतल्याच दगडाबाई साक्षीला आल्या. त्यांनी शपथ संपायच्या आत सांगितलं, "जालिंदरच्या घरच्या पोळ्या म्हंजे पापाड. मी पाच चारल्या, हाताएवढ्या जाड."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "बैलाला पुरणपोळी?"

"मग काय बिस्कूट द्याचं व्हय, सायेब?"

मागं बसलेल्या गावकऱ्यांना वाटलं, इथं सुभेदाराच्या मानकऱ्यांची नोंद चाललीय. एकजण उठून म्हणाला, "आमच्या तीन लिवा." दुसऱ्यानं चार सांगितल्या, आणि शेजारणीनं त्याला तिथंच खोटं पाडलं. पट्टेवाला 'शांतता, शांतता' करत दोनदा ओरडला आणि मग साहेबांच्या कानाशी वाकून म्हणाला, "एक माझीबी हुती, सायेब. मी त्याच वाडीचा." साहेबांनी रुमाल तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. गुरांच्या डॉक्टरांना मी विचारलं, एवढ्या पोळ्यांनी बैल दगावेल का? ते म्हणाले, याच्या निम्म्यातही दगावेल.

मला वाटलं, सगळ्या गावानं लाडानं मारलं म्हणून सुटलो. पण तात्यांचे वकील कच्चे नव्हते. ते म्हणाले, गाव दरवर्षी चारतं आणि बैल दरवर्षी जगतो. यंदा वेगळं काय झालं? यंदा नाथाजी गोठ्याकडं गेला. हसणाऱ्या कोर्टाच्या माना नाथाजीकडं वळल्या.

मग तात्या पिंजऱ्यात आले. हातात सुभेदाराची घुंगरमाळ होती. मी उठलो. एकच प्रश्न विचारायचा होता, त्या संध्याकाळी गोठ्यात परात घेऊन कोण बसलं होतं? नाथाजी माझ्याकडं टक लावून बघत होता. तात्यांचा हात माळेवरून फिरत होता, लहान पोराच्या डोक्यावरून फिरावा तसा. माझ्यानं विचारवेना. "काही विचारायचं नाही," म्हणालो आणि खाली बसलो. आपण अशिलाला बुडवलं हे मला कळत होतं, आणि लाज वाटत होती, तरी उठवेना.

तेवढ्यात नाथाजी बोलला. "सायेब, शेवटची पोळी माझी. इख न्हवतं, पोळीच हुती. माझ्याच पोळीनं बैल फुगला आसंल. काय ती शिक्षा द्या."

साळूबाई मागच्या बाकावरून सगळ्यांकडं अशी बघू लागली, जणू नवऱ्याला पदक मिळालंय. नाथाजीचं बोलणं धडधडीत खोटं होतं. मी छताकडं बघत राहिलो.

"खोटं बोलतोय ह्यो." तात्यांनी कठड्यावर हात आपटला. घुंगरं वाजली. "शेवटची ह्येची न्हाई. माझी हाय."

तात्या सांगत राहिले.

"धना गेल्यापास्नं घरात पुरण शिजलं न्हवतं. यंदा पैल्यांदा हिनं घातलं. परातभर पोळ्या केल्या आन परातभर मी चारल्या. प्वाट तट्ट झालेलं दिसत हुतं मला. पर त्यो तोंड फुडं करतोय म्हटल्यावर मी कसा थांबू? पोराला शेवटचा घास कुनी दिला, दिला का न्हाई, मला म्हाईत न्हाई. ह्येला मी दिलाय. त्यो घास मी कुनाला द्याचा न्हाई. नाथालाबी न्हाई."

साहेबांनी हळूच विचारलं, "मग फिर्याद का केलीत?"

"कुनावर तरी कराय पायजे हुती, सायेब. पोराच्या येळंला कुनावरच करता आली न्हाई."

फिर्याद तिथंच मागं घेतली गेली. मी ज्या सत्याला इतका भ्यालो, ते म्हाताऱ्यानं चार महिने उराशी धरून ठेवलं होतं, आणि कोर्टात ते दुसऱ्याच्या हाती जाऊ दिलं नाही.

बाहेर लिंबाखाली तात्या नाथाजीसमोर जाऊन उभे राहिले. "तुझी पोळी कुटं गेली मग?"

"खाल्ली."

"सगळी?"

"साळूनं वाढलं न्हवतं."

तात्या हसायला लागले. आधी खांदे हलले, मग घुंगरं वाजायला लागली, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना. नाथाजीनं खांद्यावरचा टॉवेल काढून दिला. लीलाबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या.

तोंड पुसून तात्या म्हणाले, "फुडल्या बेंदराला जेवायलाच ये. आता पोळ्या उरत्याल."